चांदा, चांदा फोर्ट आणि मधला रस्ता

चंद्रपूरला येणाऱ्या पाहुण्याने "मी रेल्वेने येतो आहे" असे कळवले की इथला माणूस आधी एकच प्रश्न विचारतो : कोणत्या स्टेशनावर? दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या मार्गावर असलेले ते चंद्रपूर. गोंदिया-नागभीडकडून येणाऱ्या मार्गावर आहे ते चांदा फोर्ट. गाव एक, पण एका स्टेशनावर उतरून दुसऱ्या स्टेशनावरची गाडी पकडायची तर मध्ये रिक्षा करावी लागते आणि सामान डोक्यावर घ्यावे लागते. या दोन स्टेशनांमधला रस्ता फार लांब नाही. मात्र तो का पडला, हे समजून घ्यायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या माणसाचा लांबचा प्रवास बहुधा तुटक असतो. एसटी, मग काळी-पिवळी, मग एक गाडी, मग दुसऱ्या स्टेशनावर जाऊन दुसरी गाडी. हा तुटकपणा जंगलामुळे आहे, नद्यांमुळे आहे, असे आपण समजून चालतो. जुनी गॅझेटियरे आणि वेळापत्रके समोर ठेवली की वेगळे दिसते. जंगल आणि नद्या कारण आहेतच. त्यांच्याइतकेच मोठे कारण कंपन्यांच्या हद्दी हे आहे. या लेखात मी त्या हद्दींचा माग काढतो आहे.

रेल्वेच्या आधीचे तीन अडथळे

प्रवासात उतरून पुढे दुसरे वाहन धरायचे ही गोष्ट आपल्याकडे रेल्वेच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज सरकारने वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट समुद्रापर्यंत जलमार्ग काढायचा घाट घातला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटींत भरायचा आणि काकीनाड्याच्या बाजूला समुद्रावर उतरवायचा, अशी ती कल्पना. सर आर्थर कॉटन हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. १८६० मध्ये अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा करण्यात आला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचाला ठेवले गेले. आज जे सिरोंचा गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, राज्याच्या टोकाला पडले आहे, ते त्या काळच्या योजनेत मध्यावर होते.

अडचण खडकांची होती. नदीत तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. तिथे बोट पुढे जात नसे. माल उतरवायचा, काठाने पलीकडे न्यायचा आणि पुन्हा बोटीत भरायचा. कालवे आणि बंधारे बांधून हे तीन 'बदल' काढून टाकण्याचा प्रयत्न झाला. पण १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, नागपूरला पोचली. कापसाला मुंबईचा सरळ रस्ता मिळाला. १८७१ मध्ये नदीचे काम सोडून देण्यात आले आणि १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडून चांदा जिल्ह्याला जोडला गेला. माल दुसऱ्या वाटेने गेला आणि वाटेवरचे गाव एकाएकी आडवाटेला पडले. आपल्या भागाच्या दळणवळणाचा हा पहिला धडा, आणि पुढे तो पुन्हा पुन्हा गिरवला गेला.

कोळशाची लाईन

चांदा जिल्ह्यात रेल्वे आली ती कोळशासाठी. वरोऱ्याला १८७१ च्या सुमारास सरकारी खाण सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांची लाईन टाकली गेली. जिल्ह्याचे ठिकाण चांदा तिथून आणखी तीस मैलांवर होते, पण लाईन खाणीपाशी थांबली. कचेरीच्या कामाला, बाजाराला, देवीच्या यात्रेला चांद्याला जाणाऱ्याने वरोऱ्याला उतरायचे आणि पुढे बंडी किंवा छकडा करायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही लाईन चांद्यावरून बल्लारपूरपर्यंत वाढली. त्यामागेही कोळसाच होता : १९०६ च्या सुमारास वरोऱ्याची खाण बंद पडली आणि बल्लारपूरची खाण पुढे आली.

त्या काळी प्रवासाचा बेत आखणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागे, आणि तो घड्याळाचा. देशात एक वेळ नव्हती. बहुतेक रेल्वे मद्रास वेळ पाळत. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे आणि कलकत्त्याची सुमारे अर्धा तास पुढे. चांदा-नागपूर हा भाग रेखांशाने मद्रासच्या जवळ असल्याने इथल्या सूर्याची वेळ आणि स्टेशनची वेळ यांत जेमतेम चार-पाच मिनिटांचा फरक पडे. म्हणजे वऱ्याडी पाहुण्याला मुंबईत जो घोळ घालावा लागे, तो आपल्याकडे नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा हिशेब हळूहळू सुटला. गाडी बदलण्याचा हिशेब मात्र त्याच सुमारास दुप्पट झाला.

छोटी लाईन आणि दुसरे स्टेशन

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने, म्हणजे बीएनआरने, नागपूरहून पूर्वेकडचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला होता. गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूरकडे तिची अडीच फुटी लाईन १९०३ ते १९०५ दरम्यान सुरू झाली. त्याच मापाची लाईन दक्षिणेला धानपट्टीत उतरली. १९०८ मध्ये गाडी नागभीडला पोचली, एक गोंदियाकडून आणि एक नागपूरच्या इतवारीकडून, उमरेड-भिवापूरमार्गे. पुढे सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर असे करत १९१३ मध्ये ती चांद्याला आली. लोकांनी तिला नाव दिले 'छोटी लाईन'.

अडीच फुटी माप निवडण्याचे कारण खर्च. जंगलातून, टेकड्यांच्या कडेने, तीव्र वळणे घेत जाणारी लाईन या मापात स्वस्तात बसते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी मुलखात धान्य पोचवणाऱ्या रेल्वेची गरज मांडली होती, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताला जबर तडाखा दिला होता. तांदूळ, लाकूड, बांबू, मोहाची फुले, हिरडा असा माल आणि अधूनमधून माणसे, एवढ्यासाठी मोठी लाईन कोण टाकणार?

आता चांद्यात काय झाले ते पाहा. जीआयपीची लाईन साडेपाच फुटी, बीएनआरची अडीच फुटी. एक मुंबईच्या कंपनीची, दुसरी कलकत्त्याच्या. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालत नाही आणि एकीचा स्टेशनमास्तर दुसरीच्या हाताखाली नाही. म्हणून बीएनआरने आपले स्टेशन वेगळे बांधले आणि जीआयपीच्या 'चांदा'पासून ओळखू यावे म्हणून त्याचे नाव 'चांदा फोर्ट' ठेवले. कंपन्यांनी आपसांतल्या देवघेवीचे नियम ठरवण्यासाठी १९०३ मध्ये इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन ही संस्था काढली होती. वॅगनींचे आणि भाड्याचे हिशेब तिथे मिटत. प्रवाशाचे गाठोडे या स्टेशनातून त्या स्टेशनात कोण नेणार, हा प्रश्न प्रवाशाचाच राहिला.

नागपुरातही हेच घडले. छोट्या लाईनने नागभीड-भिवापूरकडून येणारा माणूस इतवारीला उतरे आणि मुंबई किंवा दिल्लीची गाडी धरायला त्याला टांगा करून मोठ्या स्टेशनवर जावे लागे. थोडक्यात, झाडीपट्टीतल्या माणसाला दोन्ही टोकांना, नागपुरात आणि चांद्यात, स्टेशन बदलणे भाग होते.

२३५ किलोमीटरांची फट

दक्षिणेकडची परिस्थिती याहून चमत्कारिक होती. बल्लारपूरला लाईन संपत असे. पुढे निजामाचे राज्य. काझीपेठ, वरंगळ ही स्टेशने निजामाच्या रेल्वेवर कधीच आली होती, पण मधल्या सुमारे २३५ किलोमीटरांत रूळ नव्हते. मग चांद्याच्या माणसाने केवळ रेल्वेने वरंगळला जायचे म्हटले तर? वर्ध्याला जायचे, तिथून भुसावळमार्गे मनमाड, मनमाडला उतरून मीटर गेजची गाडी धरून औरंगाबाद-नांदेडमार्गे सिकंदराबाद, आणि तिथे पुन्हा गाडी बदलून काझीपेठ. आजच्या अंतरांनी हिशेब केला तर हा फेरा तेराशे किलोमीटरांहून अधिक होतो. दोनशे पस्तीस किलोमीटरांसाठी तेराशे! साहजिकच लोक या वाटेने जात नसत. ते बंडीने आणि पायी, राजुरा-आसिफाबादच्या रानातून जात.

१९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह लाईन पूर्ण झाली आणि ही फट बुजली. उत्तर आणि दक्षिण भारत मध्यातून सरळ जोडले गेले. त्याच वर्षी सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आरंभी पेशावरहून थेट मंगळूरपर्यंत जात असे. तिला सुमारे १०४ तास लागत. खैबरच्या पायथ्याशी बसलेला माणूस एकही गाडी न बदलता अरबी समुद्राच्या काठी उतरू शकत होता आणि तो चांद्यावरून जात होता. त्याच वेळी वडशाच्या माणसाला चांद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी टांगा शोधावा लागत होता. लांबच्याची सोय झाली, जवळच्याची राहिली.

कंपन्या गेल्या, हद्दी राहिल्या

जीआयपी १९२५ मध्ये आणि बीएनआर १९४४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. स्वातंत्र्यानंतर सगळी रेल्वे एक झाली, असे आपण म्हणतो. कागदावर ते खरे आहे. पण १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली तेव्हा तिच्यात जीआयपी आणि निजामाची रेल्वे गेली. बीएनआरचा भाग आधी पूर्व आणि मग १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेत गेला. १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वे वेगळी झाली. २००३ मध्ये बिलासपूरला मुख्यालय असलेली दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे सुरू झाली आणि छोट्या लाईनचा मुलूख तिच्याकडे आला.

परिणाम असा की बल्लारशाहला तीन रेल्वे भेटतात. नागपूरकडून मध्य रेल्वे, काझीपेठकडून दक्षिण-मध्य आणि गोंदियाकडून दक्षिण-पूर्व-मध्य. त्यांची मुख्यालये अनुक्रमे मुंबई, सिकंदराबाद आणि बिलासपूर. नागपूर शहरात तर 'नागपूर विभाग' या एकाच नावाचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण-पूर्व-मध्यचा. गाडीची वेळ ठरवताना प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरते पाहतो. गोंदियाकडची गाडी बल्लारशाहला पोचण्याआधी वीस मिनिटे दक्षिणेची गाडी निघून गेली, तर त्यात कोणाचीच चूक नसते, आणि नेमकी हीच अडचण आहे.

१९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने गोंदिया-चांदा फोर्ट लाईन मोठी झाली. हा बदल फार महत्त्वाचा. त्यामुळे छत्तीसगडाकडून दक्षिणेत जाणाऱ्या काही लांब पल्ल्याच्या गाड्या नागपूर टाळून वडसा, नागभीडवरून जाऊ लागल्या. माप एक झाले. स्टेशने मात्र दोनच राहिली. नागपूर-नागभीड या सुमारे १०६ किलोमीटरांवर छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावली आणि रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंदीकरण हवेच होते. पण उमरेड-भिवापूर-नागभीड पट्ट्यातल्या ज्या माणसाला नागपूरच्या मेडिकलमध्ये तपासणीला जायचे होते, त्याचे स्वस्त तिकीट त्या दिवशी संपले आणि त्याला एसटी किंवा ट्रॅव्हल्सच्या भाड्याकडे वळावे लागले.

नावांचा घोळ

बेत आखताना वेळापत्रकात गाव शोधायला गेले की दुसरी अडचण येते. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले आणि मोठ्या लाईनवरच्या स्टेशनाचे नावही बदलले. छोट्या लाईनवरचे स्टेशन चांदा फोर्टच राहिले. त्यामुळे नवख्याला ही दोन वेगळी गावे वाटतात. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशाह. गाव भद्रावती, स्टेशन भांदक. गाव देसाईगंज, स्टेशन वडसा. मूल आणि मारोडा या दोन गावांचे मिळून एक स्टेशन, मूल मारोडा. तळोधी रोड, चिकणी रोड या नावांतला 'रोड' म्हणजे रेल्वेने दिलेली सूचनाच आहे : इथे उतराल, पण गावासाठी पुढे रस्ता धरावा लागेल.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला रेल्वे भेटते ती फक्त उत्तरेच्या कडेला, वडशाला. झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांचे मुख्य ठिकाण वडसा असण्यामागे या एका स्टेशनाचाही वाटा आहे, असे मला वाटते. बाहेरचा कलाकार जिथे उतरू शकतो तिथेच मंडळीचे कार्यालय थाटले जाणार.

याच घोळातला शेजारचा नमुना म्हणजे वर्धा आणि सेवाग्राम. मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी वर्ध्याला थांबते. नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारी गाडी वर्ध्याला येतच नाही. ती सेवाग्रामहून, म्हणजे पूर्वीच्या वर्धा ईस्टहून, दक्षिणेला वळते. दोन्हींत अंतर चारेक किलोमीटर. मुंबईहून येणाऱ्या चंद्रपूरकराने वर्ध्याला उतरून त्याच फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत बसणे म्हणजे रात्र घालवणे. मुंबईची गाडी सेवाग्रामलाही थांबते का, हे आधी पाहावे आणि तिकीट तिथपर्यंतच काढावे.

बेत कसा आखावा

हा इतिहास ठाऊक असला की प्रवासाचा बेत आखणे सोपे जाते, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली : आपण निघणार ती लाईन मूळची कोणाची, ते ओळखावे. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही बीएनआरची लाईन. ती चांदा फोर्टला आणि पुढे बल्लारशाहला जाते, चंद्रपूर स्टेशनला नाही. दक्षिणेकडे जायचे असेल तर चंद्रपूर शहरात उतरून स्टेशन बदलण्यापेक्षा सरळ बल्लारशाह गाठावे. तिथे फक्त फलाट बदलतो. उत्तरेला, भोपाळ-दिल्लीकडे जायचे असेल तरी बल्लारशाहला थांबणाऱ्या गाड्या अधिक. थोडे मागे जाऊन पुढे जाणे परवडते. रायपूर-बिलासपूरकडे जाणाऱ्या चंद्रपूरकराने मात्र चांदा फोर्ट विसरू नये.

दुसरी : शक्य असेल तिथे एकच सलग तिकीट काढावे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते. दोन तुकड्यांची दोन तिकिटे महाग पडतात. जोडगाडीसाठी वाटेत उतरणे म्हणजे 'ब्रेक जर्नी' नव्हे. ती सवलत ५०० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटालाच आहे आणि पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. आरक्षित तिकिटे दोन असतील तर ती एकमेकांना जोडून घ्यावीत. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे : पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर पुढच्या तिकिटाचे पैसे नियमानुसार परत मिळू शकतात. स्टेशन बदलताना मधल्या रिक्षाचे पैसे मात्र कोणत्याच तिकिटात बसत नाहीत.

तिसरी : दोन गाड्यांत दोन तास तरी ठेवावेत, आणि म्हातारी माणसे, लेकरे, सामान असेल तर जास्त. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशाहच्या पादचारी पुलाचा भाग कोसळला तेव्हा पुलावर गाडी धरायला निघालेल्या प्रवाशांची गर्दी होती. एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. फलाट बदलणे ही किती साधी गोष्ट वाटते! पण जंक्शनवरचा प्रत्येक जिना आणि पूल हा प्रवासाचाच भाग आहे, आणि त्याच्या डागडुजीची जबाबदारी वेळापत्रकाइतकीच महत्त्वाची आहे.

नव्या लाईनकडे पाहताना

हिवाळा सरत आला की सावली, मूल, चामोर्शी भागातली कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगळकडे जातात. धान कापून झालेले असते, हाताला काम नसते. १९२९ ची लाईन त्यांच्या कामाच्या गावापर्यंत नेते, पण त्यांच्या घरापासून त्या लाईनपर्यंतचा प्रवास अजून तुकड्यांतच आहे. म्हणून बरेच जण मुकादमाने पाठवलेल्या गाडीत दाटीवाटीने बसून रस्त्यानेच जातात. रेल्वे जवळून जात असूनही ती आपल्या उपयोगाची नाही, हा त्यांचा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच्या मापातून आणि हद्दीतून आलेला आहे.

वडसा-गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरांच्या लाईनची घोषणा २०११-१२ च्या अर्थसंकल्पात झाली. ती गडचिरोलीला पोचेल तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण पहिल्यांदा वेळापत्रकात दिसेल, आणि तो आनंदाचा दिवस असेल. पण वरोऱ्याला कोळशासाठी थांबलेली लाईन आपण पाहिली आहे. सुरजागडच्या लोहखनिजाची चर्चा आज त्याच उत्साहाने चालते. मालगाडीला वडशाला खोळंबून चालत नाही, म्हणून तिची सोय होईलच. प्रश्न सवारी गाडीचा आहे. गडचिरोलीची गाडी वडशाला येईल तेव्हा तिथून नागपूरची आणि बल्लारशाहची गाडी किती वेळाने असेल? बल्लारशाहला तिच्यासाठी काझीपेठची गाडी मिळेल का? हे तीन मुख्यालयांनी एकत्र बसून ठरवायचे आहे, आणि ते लाईन सुरू होण्याआधी ठरायला हवे.

मागणी करायला आपल्याकडे लोक बरेच आहेत. स्टेशन द्या, थांबा द्या, नवी गाडी द्या, अशी निवेदने वर्षानुवर्षे जातात. त्यात एक ओळ वाढवावी असे माझे सांगणे आहे : आहेत त्या गाड्या एकमेकींना भेटवा. तिला ना नवे रूळ लागतात ना नवे इंजिन. चांदा फोर्टला उतरणाऱ्या माणसासाठी चंद्रपूर स्टेशनपर्यंत गाडीच्या वेळेवर सुटणारी एक बस आणि दोन्ही स्टेशनांवर एकमेकांच्या गाड्यांचा एक फलक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.